आधी घरात बोलू द्या

"शिकायला पाठवलंय, मोर्चाला नाही."

पालकहो, देवनार-गोवंडीच्या घरांतून हे वाक्य मी मराठीत ऐकलंय, हिंदीत ऐकलंय, कोकणी मुसलमानांच्या घरगुती बोलीतही ऐकलंय. ते सगळ्याच आईबापांचं वाक्य आहे. पण मुसलमान घरात त्याच्या मागोमाग आणखी एक वाक्य येतं. मुलगा किंवा मुलगी खोलीबाहेर गेली की आवाज खाली आणून ते बोललं जातं: "बाकीच्यांची पोरं सुटून येतील. आपल्या पोराला आधी नाव विचारतील."

या दुसऱ्या वाक्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. मी या भागात कॉलेजच्या मुलांना शिकवते. मुलं माझ्याशी जे बोलतात ते घरी बोलत नाहीत, आणि तुम्ही माझ्याशी जे बोलता ते मुलांशी बोलत नाही. मधे बसून दोन्हीकडचं ऐकताना माझा जीव तुटतो, म्हणून हे लिहायला घेतलंय.

तुमची भीती उगाच आलेली नाही, हे आधी सांगते. तुमच्यापैकी पुष्कळजण १९९२-९३ साली शाळकरी वयाचे होते. त्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत देवनार पोलीस ठाण्याच्या हद्दीत काय काय झालं ते न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात नोंदवलेलं आहे. तुम्हाला तो अहवाल वाचावा लागत नाही, तुम्ही ते दिवस पाहिलेत. शिवाजीनगर, बैंगनवाडी, लोटस कॉलनी, रफीकनगर इथल्या कुटुंबांनी त्यानंतर कचऱ्याच्या डोंगराशेजारी, १९२७ पासून चालत आलेल्या त्या डम्पिंग ग्राउंडच्या धुरात, मुलं वाढवली. कारखान्यात बारा बारा तास शिलाई मारून, जरीकाम करून, रिक्षा चालवून फी भरली. अशा घरातलं पोरगं पदवीपर्यंत पोचतं तेव्हा ती पदवी एकट्याची नसते. त्यामुळे पोलिसांची गाडी, कोर्टाची तारीख, अडकलेला पासपोर्ट या गोष्टी नुसत्या मनात आल्या तरी आईच्या पोटात गोळा येतो. त्या गोळ्याला भित्रेपणा म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही.

तरीही एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवते. मुलं बोलणारच आहेत. तुम्ही गप्प बसवलंत तर ती घराबाहेर बोलतील, रात्री एक वाजता फोनवर, एकटी, कुणाला न दाखवता. आणि आजवर जी मुलं खऱ्या अर्थाने अडचणीत आलेली मी पाहिली, वाचली, ती बहुतेक अशीच एकटी असताना अडकली आहेत. मोर्चात शेकडो लोक सोबत असतात, आयोजक असतात, वकिलांचे नंबर फिरत असतात. फोनवर मात्र पोरगं आणि त्याचा राग, एवढंच असतं.

पुण्यातलं २०२५ च्या मे महिन्यातलं उदाहरण घ्या. अभियांत्रिकी शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी, जम्मू-काश्मीरहून शिकायला आलेली. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत तिने सरकारवर टीका करणारी, दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट इन्स्टाग्रामवर पुढे पाठवली. धमक्या यायला लागल्या तशी तिने ती दोनेक तासांत काढून टाकली, माफीही मागितली. तरी अटक झाली, येरवड्याच्या तुरुंगात गेली, कॉलेजने काढून टाकलं. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि कॉलेजला दोघांनाही कडक शब्दांत सुनावलं, तिला ताबडतोब सोडायला सांगितलं, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि राहिलेल्या परीक्षेला बसू द्या असं बजावलं. तोवर काही पेपर हुकले होते.

या प्रकरणातून एक घर शिकतं, "बघ, म्हणून सांगते, काही लिहू नकोस." मला यातून वेगळं दिसतं. पोस्ट पुढे पाठवायच्या आधी ती कुणाला दाखवता आली असती का? "अम्मी, मला हे वाचून फार राग आलाय, हे टाकू का?" असं विचारता येणारं घर किंवा असा कुणी मोठा माणूस जवळ असता तर? एकोणीस वर्षांच्या मुलीला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी तिला तुरुंगात टाकायला नको होतं, असंच न्यायालयाच्याही बोलण्याचं सार होतं. पण न्यायालय नंतर येतं. आईवडील आधी असू शकतात.

महाराष्ट्रात हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद झाली, आणि पालघरच्या एका मुसलमान मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. मैत्रिणीने फक्त 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली, म्हणजे लेखणी एकीची आणि काचा दुसऱ्याच्या फुटल्या. ही बातमी वाचून दिल्लीतली श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरून रद्द झालं. पालघरच्या त्या दोन मुलींमुळे देशातल्या सगळ्यांच्या बोलण्यावरची एक बेडी निघाली. त्यांच्या आईवडिलांनी त्या दिवसांत काय भोगलं असेल याचा विचार मी पुष्कळदा करते.

आता आपल्या देवनारकडे येते. बस डेपोसमोर टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. १९३६ साली सुरू झालेली ही संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. झाडांनी भरलेलं ते आवार आणि बैंगनवाडीची गल्ली यांत फारसं अंतर नाही, तरी इथली किती मुलं त्या फाटकातून विद्यार्थी म्हणून आत गेली हा प्रश्न मला टोचत राहतो. असो. २०१८ च्या फेब्रुवारीत त्या संस्थेत मोठा संप झाला. मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी, चारही ठिकाणची मुलं वर्गाबाहेर बसली. कारण होतं, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि इतर मागासवर्गीय शिष्यवृत्तीधारक मुलांना वसतिगृह-खानावळीच्या खर्चात मिळणारी सवलत बंद होणं. त्या वेळी विद्यार्थी संघाचा सरचिटणीस होता फहाद अहमद, उत्तर प्रदेशातून अलीगढमार्गे देवनारला आलेला मुलगा.

इथे थोडं थांबा. एक मुसलमान विद्यार्थी नेता, आणि प्रश्न दलित-आदिवासी-ओबीसी मुलांच्या जेवणाच्या बिलाचा. ज्यांच्या घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, त्यांनी वसतिगृहाचे हजारो रुपये आधी कुठून भरायचे, एवढा साधा हिशेब ती मुलं प्रत्येक पत्रकाराला पुन्हा पुन्हा समजावत होती. त्यात घोषणा होत्या, पण घोषणेच्या आधी आकडा होता, आणि आकड्यामागे एखाद्या मुलीचा तुळजापूरहून केलेला फोन होता. मला वाटतं, सार्वजनिक बोलण्याचा यापेक्षा चांगला धडा कुठल्याही वर्गात मिळत नाही. "माझ्या नावावरून माझा प्रश्न ठरवू नका," हे त्या मुलाने न बोलता सांगितलं होतं. फहाद पुढे पक्षीय राजकारणात गेला, २०२४ ला याच भागातल्या अणुशक्तीनगर मतदारसंघातून विधानसभेला उभा राहिला आणि थोडक्यात हरला. त्याचं राजकारण तुम्हाला पटो न पटो. मी २०१८ चा धडा घेते.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला. ११ डिसेंबर २०१९ ला तो राज्यसभेत मंजूर झाला, १५ डिसेंबरला दिल्लीच्या जामियात पोलीस घुसले, आणि १९ डिसेंबरला त्या कायद्याविरुद्ध मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर माणसांचा पूर लोटला. देवनारची मुलं त्यात होती, गोवंडीच्या बायका होत्या, कुणी राज्यघटनेची उद्देशिका घरून लिहून आणली होती. त्याच दिवशी मंगळुरू आणि लखनौमध्ये माणसं मेली. मुंबईत सभा शांततेत झाली आणि शांततेत संपली. आयोजकांनी शिस्त राखली, पोलिसांनीही संयम ठेवला, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. त्या संध्याकाळी ज्या आईबापांनी मुलांना घरात कोंडलं होतं त्यांच्याबद्दल मला राग नाही. पण जे सोबत गेले त्यांनी मुलांसोबत काहीतरी कायमचं मिळवलं. पुढे २६ जानेवारी २०२० पासून नागपाड्याच्या मोरलँड रोडवर बायकांनी ठिय्या दिला तेव्हा तर चित्रच उलटं झालं. मुलींना घरी थांब म्हणणाऱ्या अम्मी स्वतः रस्त्यावर बसल्या होत्या, आणि कॉलेजच्या मुली त्यांना चहा आणून देत होत्या.

त्याच महिन्यातली आणखी एक गोष्ट, जी मी दरवर्षी मुलांना सांगते. ५ जानेवारीच्या रात्री दिल्लीच्या जेएनयूमध्ये विद्यार्थ्यांना मारहाण झाली, आणि मध्यरात्री मुंबईची मुलं गेटवे ऑफ इंडियासमोर जमली. पोलिसांनी ७ तारखेला सकाळी त्यांना आझाद मैदानात हलवलं. दीड दिवस थंडीत बसलेल्या मुलांचं म्हणणं होतं, विद्यापीठात विद्यार्थ्यांवर हल्ला होतो हे आम्हाला मान्य नाही. पण एका तरुणीच्या हातात काश्मीर मुक्त करा अशा अर्थाचा दोन शब्दांचा फलक होता. तिचं म्हणणं, ऑगस्टपासून तिथे इंटरनेट बंद आहे, ते सुरू करा, लोकांना बोलू द्या. हे तिने नंतर व्हिडिओ करून समजावलं. तोपर्यंत उशीर झाला होता. दोन दिवस टीव्हीवर दुसरी बातमी नव्हती, तिच्यावर गुन्हा नोंदला गेला, आणि जेएनयूच्या जखमी मुलांचा विषय बाजूला पडला. दोन शब्दांत दोन अर्थ निघत असतील तर समोरचा आपल्याला नको तोच अर्थ उचलतो. हे अन्यायाचं आहे. पण चौकात उभं राहायचं असेल तर हे माहीत असलंच पाहिजे.

फेब्रुवारीत तर याहून कठीण प्रसंग देवनारच्याच संस्थेतल्या एका विद्यार्थिनीवर आला. आझाद मैदानातल्या एका मेळाव्यात दिलेल्या घोषणेवरून तिच्यावर आणि इतर पन्नास जणांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. सत्र न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, काही दिवसांनी उच्च न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिलं. ती मुसलमान नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण "फक्त आपल्याच पोरांना" असं म्हणताना दुसऱ्यांची पोरं आपल्या नजरेतून सुटतात. याच संस्थेतल्या एका दलित संशोधक विद्यार्थ्याला २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केलं होतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा भोगून झालेल्या काळापुरती केली आणि त्याला पीएचडी पुरी करायची वाट मोकळी झाली.

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. आणि त्यातलं बरंचसं स्वयंपाकघरात बसून होण्यासारखं आहे.

मुलगी चिडून घरी येते, संसदेत मंजूर झालेल्या एखाद्या कायद्यावर बोलायला लागते. तेव्हा तिला पहिलं वाक्य पूर्ण करू द्या. मग विचारा, तू कायदा वाचलास की त्यावरचा व्हिडिओ पाहिलास? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारलात तर ती गप्प होईल. कुतूहलाने विचारलात तर ती मूळ कागद शोधून आणेल. तिला सांगा, मला समजेल असं सांग. चौथी शिकलेल्या नानीला वक्फ सुधारणा कायदा समजावता आला तर ती मुलगी कुठल्याही वाहिनीवर बोलू शकेल. आणि नानी जे प्रश्न विचारते ना, तितके अवघड प्रश्न कुठलाही निवेदक विचारत नाही.

आकडे मागा. एक उदाहरण देते. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात एकूण विद्यार्थ्यांमध्ये मुसलमान मुलं ४.६ टक्के होती, आणि देशाच्या लोकसंख्येत मुसलमान २०११ च्या जनगणनेप्रमाणे १४.२ टक्के. आधीच्या वर्षापेक्षा ती संख्या पावणेदोन लाखांहून जास्त घटली होती. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने लोकसभेत सांगितलं की अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद करत आहोत. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वेगळं ओरडावं लागत नाही. आपल्या राज्यातलं घ्या: डॉ. महमूद-उर-रहमान समितीने राज्यातल्या मुसलमानांच्या स्थितीचा अहवाल २०१३ मध्ये दिला, २०१४ च्या जुलैत पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली पण शिक्षणातलं राहू दिलं, आणि पुढे अध्यादेशाचा कायदाच झाला नाही. किती घरांत हे माहीत आहे? ज्या मुलाला ही सनावळी पाठ आहे त्याला समोरचा हातवारे करून गप्प करू शकत नाही.

आणि मराठीत बोलू द्या. हे मी कुणाला निष्ठा सिद्ध करायला सांगत नाही. ती मागणाऱ्याला उत्तर देण्याची गरज नाही. या राज्यातली वर्तमानपत्रं, तहसील, मंत्रालय, शेजारचा दुकानदार, सगळे मराठीत ऐकतात, म्हणून सांगते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मराठीतच लिहीत होते. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. फक्त सात बायका. समाजात त्यांच्यावर प्रचंड राग निघाला, आणि आजही त्यांच्याबद्दल घराघरात दोन मतं आहेत. ती असू देत. पण तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, म्हणजे ५१ वर्षांनी, अवैध ठरवला, आणि त्या खटल्यातही मुसलमान बायकाच पुढे होत्या. तुमची मुलगी देशाच्या प्रश्नावर बोलायला शिकली तर उद्या ती घरातल्या प्रश्नावरही बोलेल. तिला बाहेर न्याय मागायला पाठवायचं आणि घरात तिच्या शिक्षणाचा, लग्नाचा निर्णय तिला न विचारता घ्यायचा, हे जुळणार नाही. काही अब्बांना माझं हे बोलणं आवडणार नाही, मला ठाऊक आहे. तरी ऐका.

कायद्याचं थोडं सांगते, कारण अर्धी भीती माहिती नसल्याने असते. शांततेने जमण्याचा आणि बोलण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. त्यावर वाजवी बंधनंही तिथेच लिहिलेली आहेत. मुंबईत पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पाच किंवा अधिक लोकांच्या जमावाला बंदी करणारे आदेश वेळोवेळी काढतात, म्हणून परवानगी आहे का हे मुलाने आयोजकांना विचारायलाच हवं, आणि ते विचारण्यात कमीपणा नाही. आंदोलनाची ठरलेली जागा आझाद मैदान. पोलिसांनी नोटीस दिली तर ती घ्यावी, तारखेला वकिलासोबत हजर राहावं. अटक झालीच तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. मोफत विधी सेवेचा नंबर १५१०० आहे. तो फ्रिजवर चिकटवा. एफआयआर म्हणजे शिक्षा नव्हे, हेही घरातल्या मोठ्यांना सांगा, नाहीतर मुलगा सुटून घरी येतो आणि घरच्यांनी तोवर त्याला दोषी ठरवलेलं असतं.

२८ मार्च २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी समाजमाध्यमावर टाकलेल्या चित्रफितीतल्या एका कवितेवरून गुजरातमध्ये त्यांच्यावर गुन्हा नोंदला होता. न्यायालयाने तो रद्द केला, आणि अशा बोलण्याचं मोजमाप खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने करायचं, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या नजरेने करायचं नाही, असं स्पष्ट केलं. अशा तक्रारींत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची तरतूद नव्या कायद्यात आहे, याचीही आठवण पोलिसांना दिली. मुलाला हा निकाल वाचायला द्या. त्याला धीर येईल, आणि कुठलं वाक्य टाळायचं तेही कळेल. कुणाच्या धर्माला, जातीला शिवी नको. हिंसेला आमंत्रण नको. न तपासलेला फोटो नको, दुसऱ्या देशातल्या दंगलीचा तर नकोच नको. आणि रात्रीच्या रागात लिहिलेलं सकाळी पुन्हा वाचल्याशिवाय टाकायचं नाही. एवढं पाळूनही कुणी त्रास दिला तर तुम्ही त्याच्या बाजूला उभे आहात, हे त्याला आधीच माहीत असू द्या. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्यावर पहिला फोन घरी करायला ज्या पोराला भीती वाटते, त्याच्यासारखं एकटं कुणी नसतं.

तुम्हाला वाटेल, हे सगळं आजच्या पोरांचं खूळ आहे. मुंबईत ते शंभर वर्षं जुनं आहे. खोजा मुसलमान व्यापारी घराण्यातले युसूफ मेहेरअली एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, कायदा शिकले, आणि विशीत असतानाच तरुणांची बॉम्बे यूथ लीग उभी करून बसले. ३ फेब्रुवारी १९२८ ला सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरलं तेव्हा काळे झेंडे घेऊन पहाटे धक्क्यावर गेलेल्या तरुणांत ते होते. 'सायमन परत जा' ही घोषणा त्यांची. राजकीय कामामुळे त्यांना वकिलीची सनद मिळाली नाही. म्हणजे आईबापांना जी भीती असते, पोराचं करिअर जाईल, ती त्यांच्या बाबतीत खरी झाली. १९४२ साली मुंबईचे महापौर म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर, म्हणजे आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानात, गांधीजींनी ब्रिटिशांना जे दोन शब्द सुनावले, 'भारत छोडो', तेही मेहेरअलींनीच सुचवले होते. सगळ्या देशाने जे शब्द आपले म्हणून उचलले ते मुंबईच्या एका मुसलमान तरुणाने दिले, आणि त्यांत हिंदू-मुसलमान असं काहीही नव्हतं. आपल्या मुलांना हे नाव माहीत नसतं. ऑगस्ट क्रांती मैदानात २०१९ ला उभ्या राहिलेल्या कित्येकांनाही माहीत नव्हतं की आपण त्यांच्याच जागेवर उभे आहोत.

आता ज्या पालकांची नावं पाटील, कांबळे, शिंदे, डिसोझा आहेत त्यांच्याशी दोन शब्द. तुमच्या मुलाच्या गटात एखादा समीर, एखादी सानिया असेल. एकच पोस्ट दोघांनी टाकली तर परिणाम सारखे होतीलच असं नाही, हे तुमच्या मुलाला माहीत हवं. त्याने आपल्या मित्राला पुढे ढकलून स्वतः मागे राहू नये. कार्यक्रमाचं पत्रक असेल, परवानगीचा अर्ज असेल, तर पहिलं नाव तुमच्या मुलाचं असू दे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात कुणी त्या मुलांना देशद्रोही म्हणालं तर तुम्ही तिथे लिहा, "मी या मुलीला ओळखतो, ती माझ्या घरी जेवते." गटातल्या दहा जणांना राग येईल. येऊ दे.

आणि समीरच्या अम्मी-अब्बांचा नंबर तुमच्या फोनमध्ये असू दे. मुलं आझाद मैदानातून लोकलने परत येताना उशीर होतो, फोनची बॅटरी संपते, आणि गोवंडीत एक आई दाराशी उभी असते. तुम्ही फोन करा. "दोघं सोबत आहेत, हार्बर लाइनला बसलेत" एवढं सांगा. पुढच्या रविवारी तिला घरी बोलवा, मुलांना समोर बसवा, आणि विचारा: सांगा आता, नेमकं कशासाठी गेला होतात?